बाबांनी दारू सोडली, पण मी अजून जागीच आहे

ताई,

माझं वय ३४. येत्या महिन्यात बाबांनी दारू सोडल्याला पाच वर्षं होतील. सगळे त्यांचं कौतुक करतात. ते कौतुकाचंच आहे, हे मलाही कळतं. पण मला आनंद होत नाही.

मी थोरली. आठ-नऊ वर्षांची असल्यापासून रात्री कुलपात किल्ली फिरण्याचा आवाज येईपर्यंत जागी असायचे. किल्ली एका झटक्यात लागली तर ठीक. चाचपडत, खरवडत राहिली की मी धाकट्या भावाला उठवून मागच्या खोलीत न्यायचे. आता लग्नाला सहा वर्षं झाली. नवरा दारूला शिवत नाही. तरी संध्याकाळी तो कुलूप उघडतो तेव्हा माझे हात आहे तिथे थांबतात. तो जरा गप्प असला की मी तीन-तीनदा विचारते, ‘काय झालं? माझं काही चुकलं का?’ तो आता वैतागतो.

दोन वर्षांपूर्वी बाबा एक वही घेऊन आले. त्यांच्या गटात माफी मागायची पायरी असते. ‘माझ्या हातून जे काही झालं त्याबद्दल मला माफ कर’ म्हणाले, रडले. मी लगेच ‘असू दे बाबा’ म्हणाले. मग मी एका रात्रीबद्दल विचारलं. मी ११ वर्षांची होते. त्यांनी आम्हा दोघांना बाहेर काढून आतून कडी लावली होती आणि आम्ही पहाटेपर्यंत जिन्यात बसलो होतो. भाऊ कुडकुडत होता म्हणून मी त्याच्या पायांत माझे मोजे घातले होते. बाबांना ती रात्र आठवतच नव्हती. ते गेल्यावर मी रात्री एक वाजेपर्यंत स्वयंपाकघरातली कपाटं पुसत बसले.

आता पाच वर्षांच्या कार्यक्रमात मी दोन शब्द बोलावेत अशी त्यांची इच्छा आहे. आई म्हणते, ‘आता तर सोडली ना त्यांनी? अजून किती दिवस धरून बसणार आहेस?’ भाऊ हल्ली शनिवार-रविवार पितो आणि मी त्याला रात्रभर फोन करत राहते. आम्हाला मूल हवंय, पण हे त्याच्यात उतरलं तर? मी इतकी कडू का झालेय? (मला अगं-तुगंच करा.)

— थोरली

थोरली,

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा जिन्यातच अडकले. भावाच्या पायांत तू तुझे मोजे घातलेस. मग तुझ्या पायांत काय होतं? पत्रात ते नाही. लिहिताना तुझ्या लक्षातही आलं नसेल. तेवीस वर्षांनी तुला भावाचे पाय आठवतात, स्वतःचे आठवत नाहीत.

कडूपणा मला या पत्रात कुठेच सापडला नाही. मला दिसली ती पहाऱ्यावर बसलेली एक मुलगी. तिला तिथे कोणी बसवलं नव्हतं, घरात दुसरं कोणी जागं नव्हतं म्हणून ती बसली. आणि ‘आता उतर, झोप’ असं तिला अजूनपर्यंत कोणी म्हटलेलं नाही. उलट घरचे तिला विचारताहेत, की सगळं शांत आहे तर तू अजून डोळे उघडे ठेवून का बसली आहेस?

बाबांची पाच वर्षं लहान नाहीत. दारू सोडणं किती अवघड असतं ते मी जवळून पाहिलंय, त्यामुळे त्यांच्या कष्टाला मी कमी लेखणार नाही. पण दारू सुटली म्हणजे नवे घाव बसायचे थांबले, एवढंच. जुने घाव आपोआप भरत नाहीत. बाबांचं सुधारणं ही बाबांची गोष्ट, तुझं बरं होणं ही तुझी. तुमच्या घरात या दोन गोष्टी एकत्र बांधल्या गेल्यात. ते बरे झाले म्हणजे तूही झालीसच पाहिजेस, असा हिशेब लावला जातोय, आणि तो जुळत नाही म्हटल्यावर दोष तुझ्यावर येतोय.

बाबा ज्या गटात जातात तो बहुधा अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसचा असावा. वही घेऊन माफी मागायला येणं ही त्यांच्या बारा पायऱ्यांतली नववी पायरी. ही चळवळ १९३५ साली अमेरिकेत दोन दारुड्यांच्या भेटीतून सुरू झाली. त्यातले एक बिल विल्सन. त्यांच्या बायकोची, लॉइस यांची, एक गोष्ट तुला सांगायलाच हवी. नवऱ्याची दारू सुटली होती. जी गोष्ट व्हावी म्हणून लॉइसनी कित्येक वर्षं जिवाचं रान केलं, ती झाली होती. आणि एक दिवस ‘चल, बैठकीला उशीर होतोय’ असं नवरा म्हणाला, तेव्हा त्यांनी हातातला बूट त्याच्या दिशेने फेकला. ‘खड्ड्यात गेल्या तुझ्या बैठका’ अशा अर्थाचं काहीतरी म्हणाल्या. हा प्रसंग त्या स्वतःच पुढे सांगत. आपण एवढ्या का चिडलो, हे त्यांचं त्यांनाच कळेना. मग हळूहळू उमगलं, की नवरा बरा होतोय, मी होत नाहीये. १९५१ साली त्यांनी दारू पिणाऱ्यांच्या घरच्या माणसांसाठी अल-अ‍ॅनॉन हा वेगळा गट उभा केला, त्याच्या मुळाशी ही उमज होती.

तेव्हा तुझ्या पोटात जे ढवळतंय ते तुझ्या एकटीचं नाही आणि नवंही नाही. बाबांच्या प्रत्येक वर्षाला टाळ्या आहेत, गटाकडून मिळणारं नाणं आहे, गळाभेटी आहेत. तू जागून काढलेल्या रात्रींसाठी कोणी उभं राहून टाळ्या वाजवल्या नाहीत. याचं वाईट वाटणं म्हणजे बापाचं चांगलं न बघवणं नव्हे.

सगळं सुरळीत झाल्यावरच हे वर का आलं, असंही तुला वाटत असेल. घर पेटलेलं असताना कोणी भाजलेल्या हाताकडे बघत बसत नाही. बादल्या ओतायच्या असतात. आग विझली, बसायला सवड मिळाली, की हात ठणकायला लागतो. तुझा हात आत्ता ठणकतोय, कारण तू आता सुरक्षित आहेस.

आता त्या न आठवणाऱ्या रात्रीबद्दल. मला वाटतं, सगळ्यात खोल तेच रुतलंय. माफी मागायला आलेल्या माणसाला नेमकी तीच गोष्ट ठाऊक नाही, जिची माफी तुला हवी होती.

ते खोटं बोलत नसण्याची शक्यता बरीच आहे. थोड्या वेळात खूप दारू पोटात गेली की मेंदूचा हिप्पोकॅम्पस नावाचा भाग, जिथे नव्या आठवणी घडतात, तो काम करेनासा होतो. माणूस चालतो, बोलतो, ओरडतो, कडी लावतो, पण मेंदूत त्याची नोंदच होत नाही. म्हणजे बाबा ती रात्र विसरले असं नाही, त्यांच्याकडे ती रात्र मुळात उतरलीच नाही. म्हणून तर ते ‘जे काही झालं’ असं म्हणाले. त्यांच्याकडे दुसरे शब्दच नव्हते.

पण यामुळे तुझी आठवण तसूभरही खोटी ठरत नाही. दारूने त्यांची नोंद पुसली, तुझी नाही पुसली. दारू पिणाऱ्याच्या घरातल्या मुलांवर हा विचित्र बोजा असतो. ज्याने केलं त्याला आठवत नाही, जिने पाहिलं ती आई ‘जाऊ दे’ म्हणते, आणि घराचा सगळा इतिहास एका मुलाच्या डोक्यात राहतो. मग त्या मुलालाच कधीकधी वाटायला लागतं, की मीच वाढवून तर सांगत नाही ना?

नाही, तू वाढवून सांगत नाहीयेस.

‘असू दे बाबा’ या तीन शब्दांबद्दलही थोडं बोलू. ते बत्तीस वर्षांच्या बाईचे शब्द नव्हते. बाबांचा आवाज भरून आला की त्यांना शांत करायचं, हे तू आठव्या वर्षापासून करत आलीस, आणि त्या दिवशीही तेच केलंस. माफी द्यायची की नाही हे तू ठरवलंच नाहीस, ते तोंडातून निघून गेलं. आणि न बोललेलं सगळं मग रात्री एकपर्यंत कपाटांवर घासलं गेलं.

ती नववी पायरी म्हणते, की ज्यांचं आपण नुकसान केलं त्यांची शक्य तिथे थेट भरपाई करा, मात्र त्यातून त्यांना किंवा इतरांना इजा होणार असेल तर नको. समोरच्याने माफ केलंच पाहिजे, असं त्यात कुठेही नाही. बाबांनी त्यांची पायरी चढली, ती पुरी झाली. तुझ्याकडून पोचपावती मिळेपर्यंत ती अडून राहत नाही. म्हणून ‘तेव्हा घाईने म्हणाले बाबा, खरं तर मला अजून वेळ लागणार आहे’ असं तू आजही म्हणू शकतेस. वेळ म्हणजे किती, हे तुलाही आत्ता माहीत असायची गरज नाही. आणि कधीच पूर्ण माफ करता आलं नाही, तरी तू बरी होऊ शकतेस. हे मी मुद्दाम ठासून सांगते आहे, कारण माफ केल्याशिवाय सुटका नाही असं सांगणारे तुला वाटेवर खूप भेटतील.

आईचा राग येतो का, हे तू लिहिलं नाहीस. आला तर दचकू नकोस. दारू पिणाऱ्यापेक्षा न पिणाऱ्या पालकाचा राग जास्त येणं फार सर्रास घडतं, कारण मुलाची आशा तिच्यावर असते. आईही त्या घरात अडकलेली होती हे खरं आणि तिने तुम्हाला जिन्यातून आत घ्यायला हवं होतं हेही खरं. यातलं कुठलं एक निवडत बसू नकोस.

आता किल्ली. तुझ्या कानांनी त्या वयात जे शिकून घेतलं ते साधं नव्हतं. धातूच्या आवाजावरून पुढच्या दोन तासांचा अंदाज बांधायचा, आणि तो बरोबर यायचा. शरीर असं शिकलेलं सोडत नाही, आणि समजावून तर मुळीच सोडत नाही. ‘अगं, हा नवरा आहे, तो पीत नाही’ हे तुझ्या डोक्याला ठाऊक आहे, हातांना नाही. माझ्याही घरात हे होतं, माझी पन्नाशी उलटली, आणि बाटलीचं झाकण फिरल्याचा आवाज आजही मला इतर आवाजांहून आधी ऐकू येतो. फरक इतकाच, की आता तो ऐकू आल्यावर मी खोली सोडून जात नाही.

तू आधी नवऱ्याला किल्लीची गोष्ट सांग, आवाजासकट सांग. तू तीन-तीनदा का विचारतेस हे त्याला माहीत नसेल, तर त्याला तो संशय वाटत असणार. मग दोघांनी मिळून तो आवाजच बदला. त्याने किल्ली लावण्याआधी बाहेरून तुला हाक मारावी, रोज, न चुकता. हाकेमागून किल्ली, असं महिनोन्महिने झालं की कानाला नवी जोडणी लागते. तरी हात थांबलेच तर चिडू नकोस. दोन्ही पाय जमिनीवर टेकव, टाचा दाबून बघ. श्वास घेतलास त्यापेक्षा लांबवून सोड. असा लांब सोडलेला श्वास हृदयाचे ठोके खरोखर मंद करतो, नुसती समजूत नाही ती. आणि समोर दिसेल त्याची नावं मनात घे. हे माझं घर, ही माझी खिडकी, मी ३४ वर्षांची आहे.

‘काय झालं?’ हे एकदाच विचारायचं, आणि त्याने एकदाच पण खरं उत्तर द्यायचं, असं ठरवून टाका. ‘दमलोय, तुझ्यावर राग नाही’ एवढंही पुरतं. ‘काही नाही’ हे उत्तर मात्र तुमच्या घरातून हद्दपार करा. तुझ्या लहानपणी घरात सगळं काही होत असायचं आणि विचारलं की ‘काही नाही’ असंच सांगितलं जायचं, म्हणून तुझा त्या शब्दांवर विश्वास बसत नाही.

एवढ्याने भागेल असं मला वाटत नाही, म्हणून समुपदेशकाकडे जा असंही सांगते. लहानपणीच्या आघातांवर काम करणारी व्यक्ती शोध आणि पहिल्याच भेटीत विचार, की आघातावर तुम्ही कोणत्या पद्धतीने काम करता? असे आघात पुन्हा पुन्हा अंगावर येत राहतात तेव्हा आघातावर केंद्रित वर्तन-विचार उपचार आणि ईएमडीआर (डोळ्यांच्या ठराविक हालचाली करत आठवणीवर काम करणं) या दोन पद्धती वापरा, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये केली आहे. पहिल्या व्यक्तीशी सूर जुळला नाही तर दुसरी बघ. ‘वडिलांना माफ करून टाका’ असं पहिल्याच भेटीत म्हणणाऱ्याकडे पुन्हा जाऊ नकोस.

आणि गट. तुझ्यासारख्या, म्हणजे दारूच्या घरात वाढून मोठ्या झालेल्या मुलांचेही गट असतात. त्यांची सुरुवात १९७८ च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये झाली आणि आता त्यांच्या ऑनलाइन बैठकाही भरतात. त्यांच्याकडे १४ लक्षणांची एक यादी आहे. रागावलेल्या माणसाची धास्ती, सतत दुसऱ्याची पसंती शोधणं, सगळ्यांची जबाबदारी आपल्यावर ओढून घेणं आणि स्वतःसाठी उभं राहिलं की अपराधी वाटणं. माझ्याच डायरीतून कोणी उतरवून घेतलंय, असं ती पहिल्यांदा वाचणारे बहुतेक जण म्हणतात. तिथे बोलायची सक्ती नसते. पहिले काही आठवडे नुसती ऐकायला जा.

भावाचं बघू. तू रात्रभर फोन करतेस, म्हणजे अजून तेच चाललंय, त्याला उठवून मागच्या खोलीत नेणं. पण तो आता मोठा आहे आणि मागची खोली राहिलेली नाही. अल-अ‍ॅनॉनमध्ये तीन वाक्यं घोकून घेतात. हे मी सुरू केलं नाही, हे माझ्या काबूत नाही, हे मी बरं करू शकत नाही. तुला यातलं तिसरं सगळ्यात कठीण जाणार. म्हणून फोन एकदम बंद कर असं मी सांगत नाही. रात्रीचे फोन थांबव आणि त्याऐवजी दिवसा, तो शुद्धीत असताना, समोरासमोर एकदा बोल. सल्ला देऊ नकोस, ‘मला भीती वाटते’ असं सांग. आपल्या घरात हे आहे म्हणून तुला इतरांपेक्षा धोका जास्त आहे, हेही सांग, कारण ते खरं आहे. दारूचं व्यसन लागण्याच्या धोक्यात आनुवंशिकतेचा वाटा साधारण निम्मा असतो. पुढचं पाऊल त्याचं त्याला टाकू दे.

निम्मा म्हणजे उरलेला निम्मा दुसरीकडून येतो, आणि तुझ्या बाळाबद्दलचं उत्तर तिथेच आहे. जनुकांतून उतरते ती जोखीम, व्यसन नाही. व्यसनी पालकांची बहुतेक मुलं व्यसनी होत नाहीत. हवाईतल्या काउआई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा संशोधकांनी ती प्रौढ होईपर्यंत आणि नंतरही माग ठेवला. त्यातली कितीतरी मुलं गरिबीत, भांडणांत, दारूच्या घरांत वाढली होती. तरीही जी नीट उभी राहिली त्यांच्या बाबतीत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. त्यांच्या आयुष्यात निदान एक तरी मोठं, भरवशाचं माणूस होतं. आई-बापच असं नाही, आजी, शेजारीण, शिक्षक, कोणीही. तुझ्या बाळाला असं एक माणूस तर जन्मायच्या आधीपासून आहे, जे ११ वर्षांचं असतानासुद्धा दुसऱ्यासाठी भरवशाचं होतं. मूल मोठं झालं की आजोबांच्या आजाराबद्दल त्याला मोकळेपणाने सांग. दारूच्या घरांत सगळ्यात जास्त नुकसान गुपितांनी होतं.

राहिला कार्यक्रम. माझं स्पष्ट मत, या वर्षी बोलू नकोस. जावंसं वाटलं तर मागच्या रांगेत बस, नाही वाटलं तर तेही नको. तिथे माइकसमोर तू जे बोलशील ते पुन्हा ‘असू दे बाबा’च असेल, फक्त जास्त लोकांसमोर, आणि त्या रात्री तू पुन्हा कपाटं पुसशील. बाबांना लिहायचंच झालं तर असं काहीतरी लिही, तुझ्या शब्दांत:

‘बाबा, तुम्ही पाच वर्षं टिकवलीत याचा मला आदर आहे. मी या वेळी बोलणार नाही. माझं बरं होणं आत्ता कुठे सुरू झालंय आणि ते माझ्या चालीने होऊ द्यायचंय. जिन्यातली रात्र तुम्हाला आठवत नाही, हे मला समजलंय. कधीतरी मी ती तुम्हाला सांगेन. तेव्हा माफी मागू नका, फक्त शेवटपर्यंत ऐका.’

पाठवायची घाई नाही. लिहून चार दिवस तसंच ठेव. आणि भावाला भेटशील तेव्हा दारूचा विषय काढण्याआधी त्याला विचार, जिना आठवतो का तुला? तू एकटीच साक्षीदार नव्हतीस, तोही तिथे होता. तुझ्या पायांत त्या रात्री काय होतं, हे कदाचित त्याच्या लक्षात असेल.